वीस हातांची दोरी

फार पूर्वी, म्हणजे तुमच्या पणजीची पणजी अजून पाळण्यात होती तेव्हा, एका डोंगराच्या उतरणीवर एकीखाली एक अशा तीन वाड्या होत्या. सगळ्यात वर वरवाडी, मध्ये मधवाडी आणि पायथ्याशी तळवाडी. नावं ठेवणाऱ्यानं फारसं डोकं चालवलं नव्हतं, पण लक्षात ठेवायला सोपी होती. प्रत्येक वाडीला एकच मोठी विहीर, विहिरीवर मोट, मोट ओढायला बैल, आणि त्या पाण्यावर सगळ्यांचं बरं चाललेलं.

वरवाडीत एक माणूस राहायचा. त्याचे हात लांब होते. लांब म्हणजे किती, तर उभ्या उभ्या स्वतःचे गुडघे खाजवायचा. आईबापांनी हौसेनं भिवा नाव ठेवलं होतं, पण ते गावानं कधी वापरलंच नाही. सगळे त्याला लांबहात्याच म्हणायचे. शेंड्यावरचा आंबा काढायचाय, लांबहात्याला बोलवा. कोणाची कोंबडी छपरावर जाऊन बसली, लांबहात्याला बोलवा. काम झालं की पुन्हा त्याच हातांवरून त्याची टिंगल. पंगतीत बसला की त्याचं कोपर शेजाऱ्याच्या भातात जायचं आणि बिचारा जेवण संपेपर्यंत माफी मागत राहायचा. माणूस मनानं लोण्याचा, पण चारचौघांत हात कुठं ठेवावेत हे काही त्याला आयुष्यात उमगलं नाही.

त्याची एक थोरली बहीण होती, ठकू. आईबाप लवकर गेले, तेव्हा तिनंच त्याला कडेवर वाढवला. ठकू अंगानं एवढीशी आणि हातांनी तर फारच आखूड. देवानं बहिणीच्या हातांतला तुकडा कापून भावाला जोडला, असं लोक म्हणायचे. तिचं लग्न तळवाडीत झालं. वरवाडीतून न्याहारी करून निघालं की जेवणवेळेला तिच्या दारात पोहोचता यायचं.

भिवाच्या सदऱ्याची बाही नेहमी कोपराच्या खाली चार बोटं येऊन संपायची. कोणता शिंपी त्याच्यासाठी एवढं कापड घालणार? म्हणून दर भाऊबीजेला ठकू आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी काढून त्याच्या बाहीला जोडायची. लुगडं आधीच विरलेलं, त्यातून पट्टी निघून निघून निघणार केवढी! दोनदा धुतली की ती पट्टीही आटायची. त्यामुळे बाही मनगटापर्यंत काही पोहोचली नाही, पण तिच्यावर निळ्या, हिरव्या, विटकरी अशा रंगांच्या चार-पाच पट्ट्या मात्र जमल्या होत्या. भिवाला तो सदरा जीव की प्राण.

आता पाण्याची गोष्ट सांगतो. भिवाच्या लहानपणी एका वर्षी पावसानं दगा दिला आणि तिन्ही विहिरी एकदमच खाली गेल्या. तेव्हा तिन्ही वाड्यांचे जाणते मधवाडीच्या चिंचेखाली जमले आणि त्यांनी एक नियम केला. विहिरीच्या कठड्यापासून वीस हात दोरी खाली सोडायची. दोरीच्या टोकाला बांधलेला दगड पाण्याला टेकला तर मोट चालू ठेवायची. दगड अधांतरी राहिला तर मोट बंद, मग पोहऱ्यानं प्यायला लागेल तेवढंच पाणी काढायचं. दोरी जागेवर नसेल त्या दिवशीही मोट चालवायची नाही. नियम चांगला होता आणि सगळ्यांनी चिंचेच्या बुंध्याला हात लावून शपथ घेतली होती.

हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर, हे पोरासोरांनाही माहीत. पण कोणाचा हात? ते कोणी विचारलंच नाही. ज्या त्या वाडीनं आपल्यातल्या एका माणसाच्या हातानं आपली दोरी मोजून घेतली आणि सगळे घरी गेले. दरवर्षी अक्षय्य तृतीयेला तिन्ही दोऱ्या चिंचेखाली यायच्या, त्यांना हळदकुंकू वाहायचं, नारळ फुटायचा, खोबरं वाटलं जायचं. त्या तीन दोऱ्या शेजारी शेजारी ठेवून बघाव्यात असं मात्र एवढ्या वर्षांत एकाच्याही मनात आलं नाही. पूजा करायची म्हटल्यावर मोजायचं कोण?

पुढं वरवाडीची दोरी जुनी होऊन तुटली. नवी वळायची ठरली, तर पहिली दोरी ज्यांच्या हातानं मोजली होती त्या पाटलांचे हात म्हातारपणानं थरथरायला लागलेले. तेव्हा वाडीचा कारभारी, जो भलताच हुशार होता, तो म्हणाला की आपल्या भिवाच्या हातानं मोजू. आधी लोक हसले. मग एकेकाच्या डोक्यात उजेड पडला आणि हसू तिथंच थांबलं. भिवाचा हात इतरांपेक्षा चार बोटं लांब. वीस हातांत मिळून तीन हातांपेक्षा जास्त दोरी होणार. दगड तेवढा खोल जाणार. मोट महिनाभर जास्त चालणार. आणि यात खोटं काय होतं? काहीच नाही. दोरी वीस हातांचीच होती.

त्या दिवसापासून लांबहात्याचा भिवबा झाला. त्याला केशरी फेटा बांधला. दर आठवड्याला तोच कठड्यावर उभा राहून दोरी सोडायचा आणि सगळी वाडी त्याच्या तोंडाकडं बघत बसायची. पंगतीत त्याला पहिलं पान, तेही ऐसपैस, दोन्ही बाजूंना जागा सोडून. ज्या हातांपायी जन्मभर टिंगल झाली त्यांना आता बायका ओवाळायला लागल्या. त्याला हे सगळं फार आवडलं, आणि का आवडू नये? तो रोज सकाळी फेटा बांधून पाण्यात आपलं तोंड बघायचा.

वाढलेल्या पाण्यावर वरवाडीनं ऊस लावला. खालच्या वाड्यांना याची कुणकुण लागायला वेळ लागला नाही. पण भांडायला कोणी वर आलं नाही. मधवाडीनं दुरुस्तीच्या नावाखाली आपल्या विहिरीच्या कठड्याचे दोन थर उतरवून ठेवले, म्हणजे दोरी तेवढीच राहून दगड आणखी खाली जायला लागला. तळवाडीनं आपली दोरी दोन्ही टोकांना बैल जुंपून ताणून घेतली. नियम कोणी मोडला नाही. तिन्ही वाड्या आपापल्या जागी नियमानं वागत होत्या आणि तिन्ही विहिरींचं पाणी दर वर्षी थोडं थोडं खाली जात होतं.

अशी तीन वर्षं गेली. चौथ्या वर्षी चैत्र सरत आला असताना भिवा वरवाडीच्या गुळाची ढेप खांद्यावर घेऊन बहिणीकडं निघाला. ठकू दारातच बसली होती. भावाला बघून तिचा चेहरा उजळला, तिनं त्याचे लांब हात आपल्या हातांत घेतले, फेटा केवढा शोभतोय म्हणाली. मग उन्हातून आलेल्या पाहुण्याला गूळपाणी द्यावं म्हणून आत गेली. बाहेर आली तेव्हा एका हातावर गुळाचा मूठभर खडा होता आणि दुसऱ्या हातात पेला. पेल्यात पाणी अर्ध्यापर्यंतच होतं.

भिवाला वाटलं, घाईत कमी भरला असेल. पिऊन त्यानं पेला पुढं केला. ठकूनं पेला घेऊन खाली ठेवला.

"भिवा, आजचं एवढंच आहे रे," ती म्हणाली. "राग मानू नकोस."

मग हळूहळू सगळं कळलं. तळवाडीच्या विहिरीला खाली कातळ लागलेला, त्यामुळे ती मुळातच उथळ. मोट तर फाल्गुनातच थांबली होती. आता पोहऱ्यात गढूळ पाणी यायचं, तेही घरटी दोन घागरी. ते निवळायचं, गाळायचं आणि मोजून प्यायचं. वाडीनं बसून ठरवलं होतं की अक्षय्य तृतीयेला दोरीची पूजा करायची आणि दुसऱ्या दिवशी गुरंढोरं घेऊन वाडी सोडायची. ठकूच्या नवऱ्याचे लांबचे भाऊबंद नदीपलीकडं राहायचे, इथून सहा दिवसांच्या वाटेवर. तिकडं जायचं. एकदा गेलं की पुन्हा येणं व्हायचं नाही, हे तिला ठाऊक होतं आणि भिवालाही.

ठकू रडली नाही. उलट त्यालाच समजावत राहिली. तिकडूनही बाहीच्या पट्ट्या पाठवीन, कोणी येणारंजाणारं भेटलं की देईन म्हणाली. निघताना सहज बोलून गेली, "देवीची कृपा आहे म्हणून एवढं तरी चाललंय. दर मंगळवारी सकाळी चार घागरी जास्त मिळतात बघ. म्हणून मी मंगळवार धरलाय."

भिवा डोंगर चढायला लागला. चढताना त्याला रडू येत होतं आणि रडता रडता तो त्या मंगळवारचा विचार करत होता. वरवाडीत पोहोचला तर बैल गोठ्यात निवांत रवंथ करत बसलेले, मोटेचं चाक गप्प. सोमवार होता. वरवाडीची जुनी रीत अशी की सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही. खालच्या वाड्यांत बैलांची सुट्टी शनिवारी, पण वरवाडीत सोमवारी. भिवा तिथंच गोठ्यापुढं उभा राहिला. आमचे बैल सोमवारी बसतात आणि अक्काला मंगळवारी पाणी मिळतं. हे काय गौडबंगाल आहे?

तो काही शहाणा माणूस नव्हता, पण हट्टी होता. बुधवारी पहाटे त्यानं मापाची दोरी काढली, शिकेकाई लावून धुतली आणि वाळत घातली. दोरी वाळेपर्यंत मोट चालवता येत नाही, हा नियमच. कारभाऱ्यानं कपाळाला आठ्या घातल्या, पण दोरी धुणं हा मोजणाऱ्याचा मान, म्हणून गप्प बसला. दिवसभर मोट उभी राहिली. गुरुवारी न्याहारीसुद्धा न करता भिवा खाली धावत सुटला.

ठकू विहिरीवरच भेटली. तिच्या डोक्यावर घागर, कमरेवर घागर, आणि चेहऱ्यावर नवल मावत नव्हतं. तिनं त्याला सांगितलं की आज वार गुरुवार असून विहिरीत पाणी चढलंय, देवीनं वार बदलला की काय कोण जाणे.

भिवा कठड्यावर मटकन बसला. जे समजायचं ते त्याला समजलं होतं. तीन वाड्यांच्या तीन विहिरी वरून वेगवेगळ्या दिसत होत्या, पण खाली पाणी एकच होतं. डोंगराच्या पोटातून ते वरवाडीखालून मधवाडीखाली आणि मधवाडीखालून तळवाडीखाली सरकत यायचं. वरची मोट थांबली की खालच्या विहिरीत यायचं. वरची मोट चालली की यायचं थांबायचं. आणि वरची मोट एवढी खोलवर चालत होती ती त्याच्या हाताच्या मापानं. आपल्या अक्काला देशोधडीला लावणारा हात कोणाचा, तर आपलाच, हे कळल्यावर त्या माणसाची काय अवस्था झाली असेल ते मी काय सांगू! ठकूनं दोनदा विचारलं काय झालं म्हणून, पण तो तसाच उठून डोंगराकडं निघाला.

परत आल्यावर तो थेट पाटलांच्या ओसरीवर गेला. कारभारीही तिथंच होता. भिवानं अडखळत, घाम पुसत सगळं सांगितलं. पाटलांनी कारभाऱ्याकडं पाहिलं. कारभाऱ्यानं शांतपणे पान लावलं, तोंडात टाकलं आणि विचारलं, "भिवबा, तू दोरीत एक हात तरी चोरलास का?"

"नाही."

"वीसच मोजलेस ना?"

"वीसच."

"मग तुझं काय चुकलं? हात देवानं दिलेला. नियमात कोणाच्या हाताचे वीस, हे लिहिलेलं नाही." मग आवाज जरा खाली आणून तो म्हणाला, "फेटा उतरला की उद्यापासून पुन्हा लांबहात्या होशील. पंगतीत शेवटी बसशील. बघ बुवा, तुझं तू ठरव."

हा घाव वर्मी बसला. भिवा घरी गेला आणि दोन दिवस दार लावून बसला. खुंटीवर फेटा होता आणि तो त्याला फार प्रिय होता, ते काही लपवण्यात अर्थ नाही. कारभारी म्हणतो ते खोटंही नव्हतं. नियम मोडला नव्हता. आणि एकट्या वरवाडीनंच केलं होतं असंही नाही. असं स्वतःची समजूत घालत घालत त्यानं सदरा अंगात घातला, तेव्हा बाहीवरच्या पट्ट्या डोळ्यांसमोर आल्या. निळी, हिरवी, विटकरी. स्वतःचं लुगडं आखूड करून करून बहिणीनं त्याच्या हाताला पुरवठा केला होता. आणि त्या हातानं तिचं पाणी ओढलं होतं. भिवानं फेटा उचलून डोक्याला बांधला आणि चिंचेकडं निघाला. त्या दिवशी अक्षय्य तृतीया होती.

चिंचेखाली तिन्ही वाड्या जमल्या होत्या. पुरुष एकीकडं, बायका एकीकडं. तिन्ही दोऱ्या आपापल्या टोपल्यांत गुंडाळून ठेवलेल्या, वर हळदकुंकू. तळवाडीची माणसं घरी सामान बांधून ठेवूनच आली होती. नारळ फोडायला वरवाडीचे पाटील उठणार, तेवढ्यात भिवा पुढं झाला. त्यानं वरवाडीची टोपली ओतली, दोरी सोडवली आणि जमिनीवर सरळ पसरली. मग मधवाडीची दोरी घेऊन तिच्या शेजारी पसरली. मग तळवाडीची. कारभारी उठून त्याला आवरायला आला, पण त्या हातांना आवरणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं.

तिन्ही दोऱ्या वीस हातांच्या, आणि तिन्ही वेगवेगळ्या. वरवाडीची सगळ्यात लांब. मधवाडीची तिच्यापेक्षा तीन हातांनी आखूड. तळवाडीची त्या दोन्हींच्या मध्ये, बैलांनी ताणून ताणून सुतळीसारखी बारीक झालेली. मग एकदमच सगळे बोलायला लागले. मधवाडीनं वरवाडीला चोर म्हटलं. वरवाडीनं मधवाडीच्या कठड्याचे दोन थर कुठं गेले ते विचारलं. ही दोरी इतकी बारीक कशी झाली, असं कोणीतरी विचारल्यावर तळवाडीच्या पाटलांना जोराचा खोकला आला.

भिवानं आरडाओरडा थोडा ओसरू दिला. मग फेटा उतरवून दोऱ्यांच्या टोकाशी ठेवला. उघड्या डोक्यानं, लांब हात कुठं ठेवावेत ते न सुचून, तो उभा राहिला आणि बोलला.

"माझ्या बहिणीच्या दारात मी पाहुणा म्हणून गेलो. तिनं मला गूळ मूठभर दिला आणि पाणी अर्धा पेला दिलं. पेला अर्धा होता, कारण वरचं अर्धं पाणी मी आधीच ओढून उसाला घातलं होतं. त्याच उसाचा गूळ घेऊन मी तिच्याकडं गेलो होतो. उद्या ती जाणार. माझा हात मोजायला घेऊ नका. देवानं मला तो शेंड्यावरचे आंबे काढायला दिलाय."

एवढंच बोलून तो खाली बसला. मग त्यानं सोमवारच्या बैलांचं आणि धुतलेल्या दोरीचं सांगितलं, तेही बसूनच. बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. मधवाडीची एक म्हातारी म्हणाली की आमच्याही विहिरीला मंगळवारी पाणी चढतं, आम्हालाही वाटायचं देवीच पाठवते. दोन वाड्यांच्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. वरवाडीचे पाटील तर ओल्या डोळ्यांनी दोरीकडं बघत होते. ती शपथ घेणाऱ्यांतले आता तेवढेच उरले होते.

मग कोणाच्या हातानं मोजायचं, असा प्रश्न आला. पाटलांनी भिवालाच विचारलं. भिवा म्हणाला की तिन्ही वाड्यांत ज्याचा हात सगळ्यात आखूड, त्याच्या हातानं. हात शोधायला फार लांब जावं लागलं नाही. ठकूला पुढं बोलावलं तर तिला लाजेनं कुठं बघावं कळेना. एक-दोन पुरुष पुटपुटले की बाईमाणसाच्या हातानं विहीर मोजायची म्हणजे काय. तेव्हा मधवाडीची तीच म्हातारी उठली.

"विहिरीचं पाणी रोज घरात कोणाच्या हातानं येतं?" तिनं विचारलं.

ठकूनं बांगड्या वर सारल्या आणि हात चिंचेच्या मुळीवर ठेवला. सुतारानं कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत खूण करून खैराच्या लाकडाच्या तीन काठ्या अगदी सारख्या तासल्या. त्या काठीनं तीन नव्या दोऱ्या वीस वीस हात मोजल्या आणि तिन्ही शेजारी ठेवून बघितल्या. मधवाडीनं कठड्याचे थर पुन्हा चढवायचं कबूल केलं. आणखी दोन गोष्टी ठरल्या. तिन्ही वाड्यांचे बैल सोमवारीच बसवायचे, म्हणजे मंगळवारी सकाळी तिन्ही विहिरींत साचलेलं खरं पाणी कळेल. आणि कुठल्याही वाडीची विहीर त्या वाडीनं मोजायची नाही. वरवाडीची तळवाडीनं मोजायची, मधवाडीची वरवाडीनं, तळवाडीची मधवाडीनं.

कारभाऱ्यानं शेवटचा प्रयत्न केला. एवढ्या आखूड दोरीनं आपली मोट आजच थांबेल, उभा ऊस वाळेल, असं तो म्हणाला. ते खरंच होतं. पाटलांनी वाडीकडं पाहिलं, मग सामान बांधून आलेल्या तळवाडीच्या माणसांकडं पाहिलं आणि म्हणाले, "वाळू दे."

वरवाडीची मोट त्याच दिवशी थांबली. ऊस वाळला आणि कारभाऱ्यानं चार महिने भिवाशी अबोला धरला. तळवाडीची माणसं आणखी आठ दिवस थांबून बघू म्हणाली. आठ दिवसांत विहिरीचं पाणी निवळलं. मग आणखी आठ दिवस थांबली आणि हळूच सामान सोडलं. पुढच्या वर्षी वरवाडीनं उसाच्या जागी ज्वारी आणि हरभरा पेरला. उतारावर आडवे चर खणून पावसाचं पाणी डोंगरात जिरवायला तिन्ही वाड्यांची माणसं एकत्र आली, तेव्हा सगळ्यात लांबवर माती फेकणारा कोण होता, ते सांगायला नको.

त्यानंतरच्या एका वर्षी पाऊस पुन्हा रुसला. आसपासच्या डोंगरांवरच्या विहिरी माघातच उघड्या पडल्या. या तीन वाड्यांत मात्र ऐन वैशाखात दगड सोडला की पाण्याला टेकल्याचा आवाज यायचा. त्या वर्षी कारभारी स्वतः कठड्यापाशी येऊन उभा राहिला. ठकू दोरी सोडत होती. थोडा वेळ त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "नीट मोज गं बाई. एखादं बोट कमी झालं तरी चालेल."

हो, ठकूच. वरवाडीची विहीर मोजायचा मान तळवाडीकडं होता ना, आणि तळवाडीनं तो तिलाच दिला. त्यामुळे लग्न होऊन गेलेल्या त्या बाईला दर मंगळवारी माहेरी यायला मिळायचं. आसपासच्या वाड्यांतल्या साऱ्या सासुरवाशिणी तिचा हेवा करायच्या.

आणि त्या केशरी फेट्याचं काय झालं? चिंचेखाली तो तसाच पडला होता. कोणी उचलेना, भिवा तर नाहीच नाही. शेवटी ठकूनं घडी करून काखेत मारला. पुढं भाऊबीजेला भिवा जेवायला गेला, तर तिनं त्याच्यासमोर नवा सदरा ठेवला. दोन्ही बाह्यांना फेट्याच्या रुंद केशरी पट्ट्या जोडलेल्या होत्या. भिवानं तो अंगात घातला आणि हात पुढं केले. आयुष्यात पहिल्यांदा बाही मनगटापर्यंत आली, वर दोन बोटं उरली. भिवा बघतच राहिला.

"धुतल्यावर आटते, म्हणून जास्तच ठेवलीय," ठकू म्हणाली. मग तिनं त्याच्या हातावर गुळाचा एवढासा खडा ठेवला आणि समोर काठोकाठ भरलेला पेला.

तात्पर्य: जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं मिळून एकच असतं, म्हणून त्याचं मापही सगळ्यांना मिळून एकच हवं, आणि ते घ्यायचं तर ज्याचा हात सगळ्यात आखूड त्याच्या हातानं घ्यावं.